विहीणबाईंनी शिवलेला केसपेपर

डॉक्टर माणसाला गप्प बसवून त्याला आपलं ऐकायला लावणं या जगात फक्त एका बाईला जमलं, आणि ती बाई माझी विहीण आहे. हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणी समजू नये. पहिली पाच-सहा वर्षं मी त्यांच्याशी धड बोलतसुद्धा नव्हतो. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांपुढं जरा खालच्या आवाजात बोलावं अशी आमच्याकडची रीत, आणि विहीणबाईंचा आवाज असा, की सोमाटण्याच्या चौकात त्यांनी भाजीवालीशी घासाघीस केली तर कार्ल्याच्या फाट्यावरच्या माणसानं भाव उतरवावा. माझी शाळा तिसरीत सुटली, पण घाटात रेल्वेच्या रुळांवर मी तीस वर्षं गँगमनचं काम केलंय आणि इंजिनाची शिट्टी सोडली तर मी कुणाच्या आवाजाला बाजूला झालेलो नाही. त्यामुळं आमचं जमणं अवघडच होतं.

विहीणबाई एका मोठ्या सरकारी दवाखान्यात आया होत्या. सारी नोकरी फरशी पुसण्यात आणि पेशंटला उठवण्या-बसवण्यात गेली. नोकरी संपली तरी दवाखाना काही त्यांच्या अंगातून गेला नाही. कुणाला भेटल्या की आधी त्याच्या तोंडाजवळ नाक नेणार आणि मग नमस्कार करणार. मिलिंदचं, म्हणजे माझ्या पोराचं, लग्न विहारात लागलं, फुलं टाकून झाली, आणि या बाई भर मंडपात माझ्यापुढं येऊन माझा वास घ्यायला लागल्या. म्हणाल्या, "पाव्हणं, सकाळी कांदाभजी खाल्लीत. तपकीर वढता. बाकी काय न्हाई. पोरगी द्यायला हरकत न्हाई." मी म्हणालो, "विहीणबाई, पोरगी दिऊन झाली. आत्ता लागलं लगीन." तर म्हणतात, "म्हणून तर आत्ता तपासलं. आधी तपासलं असतं तर तुमी रागावला असता." त्याच पंगतीत माझ्या चुलतभावानं रक्तदाबाची गोळी घेतली. विहीणबाई वाढता वाढता थांबल्या. "आ करा." त्यानं आ केला. "जीभ वर." त्यानं जीभ वर केली. गोळी खरंच पोटात गेली याची खात्री झाल्यावरच त्याच्या पानात भात पडला. हा चुलतभाऊ तालुक्यात पुढारी म्हणून मिरवतो.

त्यांच्या पिशवीत दोन वस्तू कायम. एक दाभण-सुतळी आणि दुसरी शेंगदाण्याची कडक चिक्की. दाभण दिसेल ते शिवायला. एकदा एसटीतून जाताना फाटलेलं सीट त्यांनी वडगाव ते कामशेत एवढ्या वेळात शिवून काढलं. कंडक्टर ओरडला, "मावशी, सरकारी मालमत्ता हाय ती!" त्या म्हणाल्या, "म्हणूनच फाटलीय." चिक्कीचा उपयोग मात्र खाण्यासाठी नाही. त्या स्वतः ती खात नाहीत, तेवढे दातच उरलेले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडं आल्या तेव्हा मी त्यांना रीतभात समजावून सांगायला बसलो होतो. त्यांनी मुकाट्यानं माझ्या हातावर चिक्कीचा मोठा तुकडा ठेवला. दिलेलं नाकारू नये म्हणून मी तोंडात टाकला, आणि तो फुटेस्तोवर त्यांनी माझ्या सुनेची माहेरची फेरी, पहिलं बाळंतपण आणि आमच्या न्हाणीचा दरवाजा कुठल्या बाजूला हवा, एवढं सगळं ठरवून टाकलं. पुढं कधीतरी म्हणाल्या, "तोंडात चिक्की असली की माणूस बोलत न्हाई, पाव्हणं. ऐकतो."

आता खरं ते सांगतो. मिलिंद तळेगावकडच्या एका कंपनीत वेल्डिंगला होता. हात असा, की जोड कुठं मारलाय ते बोट फिरवून कळू नये. तो प्यायला लागला. पण त्याच्याही आधी वर्षभर त्याला आवाज ऐकू येत होते. पत्र्यावरून कुणीतरी नाव घेऊन बोलतं म्हणायचा. शनिवार-रविवारी लेण्यांकडं जाणारी माणसं आमच्या ओट्यापुढून जातात, ती आपल्यालाच बघायला आलीत म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसायचा. प्यायला की आवाज कमी होतात, असं तो आईला सांगायचा. ती मला सांगायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, मग सांगणारं कुणी उरलं नाही. आणि मी विचारलं नाही.

दारू सांगता येते हो. दारू आमच्या गावात घरटी कुणाला ना कुणाला आहे. आवाजांचं मला सांगता येईना. माझ्या बापानं धम्म घेतला तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत घालून इंद्रायणीत सोडले. माझी चुलती मरेपर्यंत म्हणत राहिली, एक दिवस ते हिशेब मागायला येतील. माझ्या पोराला कुणीतरी हाका मारतंय असं मी चारचौघांत बोललो असतो, तर गावानं चुलतीचं बोलणं खरं केलं असतं. मेलेल्या चुलतीपुढं हरायला मी तयार नव्हतो. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात फॉर्मवर 'इतर आजार' विचारलं तेव्हा मी सुनेला, सुजाताला, 'नाही' लिहायला लावलं. तळेगावच्या एका डॉक्टरानं आवाजांवर गोळ्या दिल्या होत्या, त्या मी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवल्या.

पोरगं तिथून दारू सोडून आलं. अंग भरलं होतं. गावजेवण घालायचं तेवढं मी बाकी ठेवलं. पण आवाज होते तिथंच होते, उलट आता त्यांना मोकळं रान. आठ दिवसांत बाटली परत आली. मग सुजातानं मला न सांगता त्याला आपल्या आईच्या त्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डोक्याच्या डॉक्टरांची एक खोली आणि दारू सोडवणाऱ्या डॉक्टरांची दुसरी, मध्ये एकच व्हरांडा. पहिल्या खोलीत म्हणाले, "वास येतोय. आधी दारू सोडून या, मग डोक्याचं बघू." दुसऱ्या खोलीत म्हणाले, "यांना भास होतायत. आधी तिकडं दाखवा, मग दारूचं बघू." दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी सुजाता केसपेपरच्या रांगेत उभी होती तेवढ्यात मिलिंद व्हरांड्यातून उठून निघून गेला. तीन दिवसांनी सापडला. लोणावळ्याच्या धरणाच्या भिंतीवर, पाण्याकडं पाय सोडून बसलेला.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई पिशवी घेऊन दारात. लेकीच्या सासरी राहायला! मी ओट्यावरून उठलो नाही. विचारलं, "किती दिवस?"

"जावई बरं होईस्तवर."

"अन् न्हाई झाला तर?"

"मग हितंच मरंन. तुमालाच उचलावं लागंल, पाव्हणं. मी जड हाय."

तासाभरात त्यांनी तांदळाचा डबा उपसला आणि गोळ्यांची पुडी आणून माझ्यापुढं ठेवली. भांडतील म्हणून मी तयारीनं बसलो होतो. त्या भांडल्या नाहीत. खाली बसल्या आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. त्यांचा धाकटा भाऊ असाच होता. दोन्ही होतं त्याला. त्याच व्हरांड्यात बसायचा, आणि या फरशी पुसत त्याच्या पायापर्यंत यायच्या. "डाक्टर म्हणायचे आधी सोडून ये. मीबी तेच म्हणायची. दवाखान्यातली ना मी, मला वाटायचं मला लय कळतं. एक दिवस त्यानं पाय वर घेतलं, मला पुसू दिलं, अन् उठून गेला तो गेलाच." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पितो म्हणून ऐकू येतं का ऐकू येतं म्हणून पितो, ते ठरवणारं आपुन कोण? दोन्ही हाय. दोन्ही सांगायचं."

"गावात काय सांगू?" मी म्हणालो.

"गावाला कशाला सांगताय? गाव काय गोळ्या देतंय का?"

त्या जुन्या गोळ्या मात्र त्यांनी परस्पर दिल्या नाहीत. "मी आया हाय, डाक्टर न्हाई. एवढं मला म्हाईत हाय. डाक्टरला जे म्हाईत न्हाई, ते सांगायचं काम माझं."

दवाखान्यात दोन्ही खोल्यांचे दिवस वेगळे. फक्त मंगळवारी अकरा ते एक दोन्ही डॉक्टर असतात, हे त्यांना पुसून पुसून पाठ झालेलं. मंगळवारी आम्ही चौघं गेलो. खिडकीवर दोन विभागांचे दोन केसपेपर मिळाले. विहीणबाईंनी व्हरांड्यात फतकल मारली, दाभण काढलं आणि दोन्ही पेपर पाठीला पाठ लावून असे शिवले, की पोतं फाटेल पण टाका सुटायचा नाही. खिडकीतला क्लार्क धावत आला. "अहो मावशी, हे चालत नाही! विभाग दोन आहेत."

"व्हय. पण पेशंट एकच हाय. त्याला उसवून दाखव, मग मी पेपर उसवते."

डोक्याचे डॉक्टर पोरसवदा होते. त्यांनी पेपर उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे काय आहे?" विहीणबाईंनी त्यांच्या हातावर चिक्की ठेवली. "खा, बाळा. लोणावळ्याची हाय." सरळ शेजारच्या खोलीत गेल्या आणि दारूच्या डॉक्टरीणबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. त्यांच्याही गालात चिक्की होतीच. वीस वर्षं याच आयाला बघितलेल्या सिस्टर दारात हसू दाबत उभ्या राहिल्या, त्यांनीही कुणाला अडवलं नाही.

"दोघंबी पाच मिंटं ऐका," विहीणबाई म्हणाल्या. मला वाटलं आता या बोलतील. सगळी वाट मी त्याच भरवशावर आलो होतो. तर त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाव्हणं सांगतील."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्या दिवशी त्यांनी मला चिक्की दिली नव्हती.

खोलीत नुसता दाढांचा कुडुमकुडुम आवाज. मी टोपी काढली, पुन्हा घातली. घाटात दरड कोसळलेल्या रुळावर लाल झेंडी घेऊन मी एकट्यानं गाडी थांबवलेली आहे, पण त्यापेक्षा हे अवघड वाटलं. म्हणालो, "माझ्या पोराला आवाज येतात. दारूच्या आधीपासनं येतात. मला म्हाईत होतं. मी फॉर्मवर न्हाई लिहायला लावलं. गोळ्या मी लपवल्या."

मिलिंदनं मान वर केली. किती दिवसांनी त्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. "आबा," तो म्हणाला, "तुमाला म्हाईत होतं? मला वाटलं, तुमाला खोटं वाटतं."

मी टोपी पुन्हा काढली आणि हातातच ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी घास गिळला. "आबा, हे आधीच सांगितलं असतं तर..." विहीणबाई भिंतीपासून म्हणाल्या, "आधी इचारलं कुटं, बाळा? आधी सोडून या म्हणलात." डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. तोंडात तर आता काही नव्हतं. मग त्यांनी स्वतःच एक खुर्ची ओढली आणि दोघं डॉक्टर एकाच टेबलाशी बसून मिलिंदला विचारायला लागले. आवाज कधी येतात, काय म्हणतात, किती प्यायल्यावर थांबतात, गोळ्या घेताना काय व्हायचं. तासभर. बाहेर रांग कुरकुरत होती, आणि विहीणबाई व्हरांड्यात जाऊन त्या रांगेत ज्याच्या ज्याच्या हातात दोन पेपर दिसले त्याचे शिवत सुटल्या.

दवाखाना बदलला असं मी म्हणणार नाही. मंगळवार बदलला. मंगळवारी दोन्ही डॉक्टर एका खोलीत बसतात, दोन्हीकडचं औषध एकमेकांना विचारून लिहितात, आणि क्लार्कनं स्वतःच मोठा स्टेपलर मागवला आहे. मिलिंद अधेमध्ये दोनदा प्यायला. पहिल्या वेळी मी त्याला घराबाहेर काढायला उठलो होतो, पण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पेपरवर ठळक लिहून दिलं होतं, 'प्यायला असाल तरी या.' सुजातानं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. विहीणबाई त्याला तशाच अवस्थेत घेऊन गेल्या, एसटीत त्याच्या शेजारी बसून, नाक मुरडणाऱ्या बाईला, "आजारी हाय, तुमी पलीकडं बगा," असं म्हणत. दिवाळीपासून तो गावातल्याच एका शेडमध्ये अर्धा दिवस ग्रिलं जोडतो. हात पूर्वीसारखा नाही, जोड दिसतो. पण धरतो.

मागच्या महिन्यात विहीणबाईंचे गुडघे पार गेले. धाकटी लेक सोमाटण्याला न्यायला आली. आयुष्यात मी कुणाची पिशवी उचलली नाही, त्या दिवशी फाट्यापर्यंत उचलली. तिथं थांबल्यावर त्या म्हणाल्या, "पाव्हणं, परत प्यायला तर?"

"तर घरातच ठेवीन. मंगळवारी घिऊन जाईन."

"अन् न्हाई प्यायला तर?"

"तरी घिऊन जाईन."

एसटी आली, लेकीनं हाताला धरून चढवलं, आणि मी धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभा राहिलो. आमच्या घरात एवढी शांतता असते हे मी विसरून गेलो होतो.

घरी आलो तर दुपार कलली होती. मिलिंद शेडवरून येऊन दारात उभा.

"मामी गेल्या?"

"गेल्या."

तो खाली बघत म्हणाला, "आबा, आज लय बोलतायत."

मी ओट्यावर जरा सरकून जागा केली. म्हणालो, "बस हितं. काय म्हणतायत, सांग मला."

तो बसला. आणि सांगायला लागला.