साडूभाऊ आणि तान्ही बाळं

माझे साडू नेमकं काय करतात, हे अख्ख्या पनवेलमध्ये एकाही माणसाला कळलेलं नाही, आणि त्या न कळलेल्यांत माझा पहिला नंबर आहे. ते डॉक्टर आहेत, पण औषध देत नाहीत. सुकापूरला त्यांच्या सोसायटीतलं कुणी गुडघा धरून दारात आलं, की हे आधी वय विचारतात. साठ-पासष्ट ऐकलं की चेहरा पडतो. "मग माझा उपयोग नाही हो," म्हणतात. त्यांचा सगळा अभ्यास नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या रक्तातल्या रसायनांचा. टाचेतून घेतलेला रक्ताचा एक थेंब त्यांना पुरतो. त्यावर ते अख्खी दुपार बोलतात. एकदा श्रीखंड खाता खाता मी मन लावून ऐकलं. वाटी संपली तेव्हा यकृत डावीकडे की उजवीकडे, हेही मला सांगता येईना. बाकी जगात मात्र तेच गोंधळलेले. पापलेट आणायला पाठवलं तर हलवा आणतात. बारशाला बायका पाळणा म्हणत असतात आणि हे बाळंतिणीला हळूच विचारतात, "शीचा रंग कसा आहे?" म्हणून मेहुणी त्यांना हल्ली थेट पंगतीलाच नेते.

माझी मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. मुलगा झाला. घरी आणला तेव्हा असा केतकी रंगाचा दिसत होता, की बायको दृष्ट काढून दमली. मालिशवाल्या आक्का म्हणाल्या, "सोन्याचा पोर हाय." साडू पेढे खायला आले, बाळाला गॅलरीतल्या उजेडात घेऊन गेले, छातीवर हलकेच बोट दाबून उचललं, मग पायांवर. पेढा हातातच राहिला.

"हॉस्पिटलात चला," ते म्हणाले.

"जरा पिवला हाय. कोवल्या उनान ठेवा, जाल," आक्का म्हणाल्या.

"भावजी, सगळीच बाळं थोडी पिवळी असतात ना?" बायकोने विचारलं.

"असतात. पण हा पिवळेपणा तळपायापर्यंत उतरलाय. कावीळ आहे. उन्हानं भागणार नाही."

रस्ता ओलांडताना तीनदा मागे फिरणारा हा माणूस एका पायात माझी चप्पल घालून आमच्या आधी रिक्षात बसला होता. तपासणीत कावीळ फार वाढलेली निघाली. उशीर झाला असता तर मेंदूला धोका होता, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाळाला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली ठेवलं. बाहेर बाकावर साडू मला रक्तातल्या घडामोडी समजावत होते. मला एक अक्षर कळलं नाही. तो पेढा अजून त्यांच्या मुठीत होता, एवढंच दिसलं.

बाळ ठणठणीत होऊन घरी आलं.

पहिल्या वाढदिवसाला साडू आले. भेट म्हणून मऊ मलमलीचं झबलं आणलं होतं, अगदी तळहाताएवढं. नातू तेव्हा घरभर दुडुदुडु धावत होता. साडू एकदा झबल्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहू लागले.

"इतका मोठा झाला?" त्यांनी मला विचारलं.

"वर्षाचा झाला की," मी म्हणालो.

"हो, बरोबर आहे." त्यांनी झबल्याची घडी घातली. "आमच्याकडची बाळं बरी झाली की घरी जातात ना. पुढे कशी दिसतात, ते पाहायला मिळतच नाही."

नातवाने येऊन ते झबलं ओढलं, डोक्यावर घातलं आणि पळाला. साडू गुडघ्यांवर हात टेकून, तो परत येतोय का, ते पाहत वाकून उभे राहिले.