सासऱ्यांनी लावलेलं बांडगूळ

आंब्यावरचं बांडगूळ काढायला शिडी लावणारी माणसं शहापूर-मुरबाडात घरोघरी सापडतील. पण बांडगूळ लावायला आंब्यावर चढणारा माणूस ब्रह्मदेवाने एकच घडवला, आणि तो नेमका माझा सासरा केला! किन्हवलीला ते शाळामास्तर होते. भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजावी लागते, त्या राबासाठी गावकरी झाडं छाटायला निघाले, की हे आधी जाऊन बांडगूळ असलेल्या फांदीखाली बैठक मारत. "गुरुजी, उठा ना! आमी बांडगूल तोडतो नि तुमी त्याला राखन बसता, ह्याला काय म्हनावं?" असं लोक काकुळतीला येऊन विचारत. गुरुजी हलत नसत. शेवटी लोकच दुसरं झाड धरत.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीचा बाप घरात नव्हता. तो परसातल्या आंब्यावर होता. "या, या, बसा" वरूनच झालं. मग धोतराला कोळिष्टकं लागलेला हा गृहस्थ खाली उतरला आणि पोह्यांच्या आधी त्याने माझ्या नाकापुढे बांडगुळाची एक लांबट शेंदरी कळी धरली. "ही आपणहून उमलत नाही बरं का. शिंजिराने चोचीत दाबली पाहिजे," एवढं म्हणून त्यांनी कळी चिमटली. फट्! सगळा पराग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. नवा कोट घालून आलेला उपवर मुलगा मी, पिवळं नाक घेऊन बसलो! तेवढ्यात दाराआडून कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू ऐकलं आणि मुलगी न बघताच मी होकार देऊन टाकला.

खरा धक्का बसला तो माझ्या आईला. याद्या करायच्या दिवशी तिने आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "एवढ्या उंचावर हे रोप जातं तरी कसं?" झालं! फुलटोचा पाखरू फळ गिळतं, बी पोटातून चिकटच्या चिकट बाहेर येते, मागेच लोंबकळत राहते, म्हणून ते बूड फांदीवर घासतं, असं सांगून व्याहीबुवांनी भर बैठकीत पाटावर घासून दाखवलं. अरे देवा! आईने पदर तोंडाला लावला तो ते किन्हवलीला परत जाईपर्यंत काढला नाही.

एकदा त्यांच्या छत्रीच्या दांड्याला हिरवा मोड आलेला बघून मी दचकलोच. "बी कुठेही रुजते हो," ते म्हणाले, "पण जगायला जितं लाकूड लागतं. पानं हिरवी आहेत ना, स्वयंपाक घरचाच. पाणी तेवढं झाडाकडून घेतं." काही दिवसांनी तो मोड सुकला, तेव्हा हा माणूस रात्री जेवला नाही.

हे सगळं किन्हवलीत चाललं होतं तोवर ठीक होतं. शहापूरला आमच्या अंगणात माझ्या वडिलांनी लावलेला एकच आंबा. त्याला पहिला मोहर आला आणि वडील गेले. दरसालच्या लोणच्यातली पहिली फोड आई त्यांच्या तसबिरीपुढे ठेवी, मग आम्ही खायची. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमाराला, सासरे आमच्याकडे राहायला आले असताना, एका सकाळी आईने अंगणात किंकाळी फोडली. मला वाटलं, साप! धावत जाऊन बघतो तर ओसरीपुढच्या फांदीवर वीतभर बांडगूळ.

"मागल्या खेपेला आलो होतो ना, तेव्हा मीच चिकटवलं," सासरे शांतपणे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. आमच्या वडिलांच्या आंब्यावर? मी भिंतीवरचा कोयता काढला. बायको खाली मान घालून उभी राहिली. बापाची बाजू घ्यावी की नवऱ्याची, तिला कळेना. सासरे फांदीखाली आले आणि म्हणाले, "जावईबापू, आता झाडावर चढवत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. ही फांदी बसल्या जागेवरून दिसते, म्हणून लावलं. एकदा फुलू द्या. मग मीच तुमच्या हातात कोयता देईन."

मी आईकडे बघितलं. "फुलेपर्यंत," ती फणकारली. "पुढे एक दिवस नाही!"

फुलायला त्याने दोन हिवाळे खाल्ले. सासरे आमच्याकडेच राहिले आणि रोज सकाळी ओसरीवर बसून विचारत, "आल्या का कळ्या?" तोवर त्यांना फांदी दिसेनाशी झाली, मग माणसंही दिसेनाशी झाली. घरात कुणी मोठ्याने बोलेना आणि बायकोचं ते हसू तर कुठे गेलं कोण जाणे. शेवटी एकदाच्या शेंदरी कळ्या धरल्या. मी ओरडत ओसरीवर आलो, तर म्हातारा मान हलवून म्हणाला, "आंधळ्याची समजूत घालू नका हो."

मला असा राग आला म्हणता! तरातरा गेलो, टपोरी कळी तोडून आणली, त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि आपल्याच नाकापाशी धरून चिमटली. फट्! दारात बायको उभी होती. सासूसमोर, पदराचंही भान न राहता, ती खुदकन हसली.

"फुललं!" सासरे ताडकन उठले. "फुललं की हो!" त्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग सावरून त्यांनी भिंत चाचपायला सुरुवात केली. "शब्द म्हणजे शब्द, जावईबापू. कोयता कुठाय?"

कोयता त्यांच्या डोक्यावरच लटकत होता. "धारेला दिलाय," मी म्हणालो. आईने माझ्याकडे बघितलं, पुढे होऊन खिळ्यावरचा कोयता हळूच काढला आणि पदराआड धरून आत घेऊन गेली.

आता सासरे नाहीत. त्या फांदीला कैरी धरत नाही, आणि दर उन्हाळ्यात आई बांडगुळाच्या नावाने बोटं मोडते. मी म्हणतो, "आण कोयता, आत्ता तोडतो." ती म्हणते, "धारेला दिलाय ना तू?"