बाबांनी काढलेली माझी चूक

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचते, पण विश्वास शून्य. कॉम्प्युटर शिकवणारी बाई आहे मी. आकडा चुकला की त्याचं कारण सापडतंच, हे मुलांना रोज सांगते. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली... शिवाय त्या दिवसांत मी इतकी थकलेली होते, की "तुला भास झाला" असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. ह्यांची नागपूरहून इथल्या सरकारी ऑफिसात बदली झाली. चौबे कॉलनीत वरच्या मजल्यावर भाड्याचं घर – मी, हे आणि माझे सासरे. बाबा रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, पुलांचे नकाशे काढायचे. इथं आल्यावर चारच महिन्यांत त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर त्यांच्या पलंगाशी उभे राहूनच म्हणाले, "अब इनको कुछ समझ में नहीं आएगा." तेव्हापासून आम्हीही बाबांसमोर असं बोलायला लागलो, जसे काही ते खोलीत नाहीतच. "त्यायचं जेवण झालं का? त्यायले कूस बदलवली का?"

दिवसा एक बाई असायची. सकाळ-संध्याकाळ मीच. वर शहराच्या दुसऱ्या भागात, पंडरीच्या पुढं, कॉलेजातली नोकरी. सात-आठ महिन्यांत अंग मोडून गेलं. आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही – बाबांना पाठवा, हे मीच म्हटलं.

"मले आता होत नाही," एका संध्याकाळी चहा पिताना मी ह्यांना म्हणाले. "नागपूरच्या त्या संस्थेत ठेवू. त्यायले कुठं समजते, घर काय अन् ते काय."

बाबा समोरच होते. हे कप खाली ठेवत म्हणाले, "रविवारची गाडी सांगतो."

त्याच संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलचा प्रोग्रॅम वहीत लिहिला. शून्य ते तीनशे साठ, दहा-दहाच्या अंतराने, प्रत्येक कोनाची साइन काढायची, आकडे फाइलमध्ये टाकायचे आणि त्यांचा ग्राफ काढायचा. घरी कॉम्प्युटर नव्हता. प्रोग्रॅम वहीत लिहायचा आणि लॅबमध्ये टाइप करायचा, अशीच पद्धत होती. डावा हात हलता राहावा म्हणून आम्ही बाबांना पेन्सिल द्यायचो, खाली माझा एखादा ग्राफ पेपर. ते ठिपके देत बसायचे. त्या संध्याकाळीही तसाच एक कागद दिला होता. सकाळी निघताना त्या कागदावर वरणाचा डाग दिसला. कॉलेजात फेकू म्हणून घडी करून पर्समध्ये टाकला.

अकराच्या सुमारास मी प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. लाट आलीच नाही. नुसते वर-खाली उड्या मारणारे ठिपके. नव्वदला एक यायला हवा, तिथं ०.८९. मग लक्षात आलं – कॉम्प्युटरला कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो, मी अंश तसेच दिले होते. पहिल्या वर्षाची पोरं करतात ती चूक. घाम पुसायला पर्समधून रुमाल काढला, तर बरोबर तो कागद बाहेर पडला. पहिल्या बाकावरच्या मुलीने उचलला, उघडला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, "मैडम, आपने घर में पहले ही प्लॉट कर लिया था?"

सदतीस ठिपके होते. मी दोनदा मोजले. मधली जाड रेषा शून्य धरली, तर दहाला खाली, वीसला वर, तीसला पार तळाशी, पन्नास आणि साठ रेषेच्या जरासे खाली... हाताच्या थरथरीने एखाद-दुसरा अर्ध्या घराने सरकलेला, एवढंच.

त्यांनी बरोबर लाट काढली असती तर मला नवल वाटलं नसतं. जन्मभर कमानी काढलेला माणूस, त्याचा डावा हातही ती काढेल. पण बाबांनी चुकलेला ग्राफ काढला होता. ती चूक तेव्हा फक्त माझ्या वहीत होती, आणि ती चूक आहे हे मलाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी दोन्ही कागद पाहिले – बाबांचा आणि लॅबमधून छापून आणलेला. "तू थकून गेली आहेस. आधी कधीतरी चालवून पाहिला असशील अन् विसरली असशील. त्यायनं तो छापलेला कागद पाहून काढलं."

"कुठं चालवू? काल संध्याकाळी तर लिहिला मी."

मी बाबांजवळ जाऊन बसले. "बाबा, काल मी बोलले ते तुम्ही ऐकलं का?" कितीतरी महिन्यांनी मी त्यांना 'तुम्ही' म्हटलं होतं. ते पंख्याकडे बघत राहिले. पापणीसुद्धा वेगळी हलली नाही. मला मात्र इतकी शरम वाटली, की तिथंच रडायला आलं. रविवारची गाडी ह्यांनी रद्द केली.

बाबा आणखी तीन वर्षं आमच्याजवळ होते. पेन्सिल रोज द्यायचो, पण नंतर कशाचाही मेळ बसेल असं त्यांनी काही काढलं नाही. माझा थकवाही तसूभर कमी झाला नाही. माया दाटून आली आणि सगळं सोपं झालं, असं कुणी समजू नये. गणित शिकवणाऱ्या दोघांना कागद दाखवला. एक योगायोग म्हणाला, दुसऱ्याने विषय बदलला.

मला आजही उलगडा झालेला नाही. ह्यांचंच खरं असेल, मीच तो प्रोग्रॅम आधी कुठंतरी चालवून विसरले असेन. त्या तीन वर्षांत बाबांची चादर बदलताना मी कितीदा तरी देवाकडे हेच मागितलं आहे, की ह्यांचं खरं निघू दे. म्हणजे बाबांना काही समजत नाही असं मानून मला त्यांना पाठवता आलं असतं.