माझ्या मापाची फ्रेम

बायको गेल्यावर महिन्याभरानं मी सायकलवरून पडलो. चालत्या सायकलवरून नाही. घरासमोर, उभ्याउभ्या. टांग टाकताना टाच दांडीला अडकली आणि सायकलीसकट ओट्याखाली आडवा झालो. हाड मोडलं नाही, खुबा सुजला. गल्लीतल्यांनी उचलून बाजेवर टाकलं, कुणीतरी हळद लावली. दुखत होतं, पण त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच विशेष वाटत नव्हतं. चहात साखर नाही हे कप संपल्यावर कळायचं.

बायकोला कावीळ झाली, मग पोटात पाणी झालं, मग ती गेली. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. जे झालं तेवढं लिहितो.

पोरगा पुण्याला कंपनीत आहे. मी पडल्याचं कळल्यावर तो आला. खुबा बघितला, औषधं आणली, आणि संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाला, "आप्पा, बास झालं आता. चला माझ्याकडं. घर भाड्यानं देऊ."

"मी कुटं जात न्हाय."

"मग कामावर कसं जाणार? चालत?"

"सायकलवर."

"सायकलवरनंच पडलाय की."

"सायकल उंच हाय. मी बारका झालो. बदलतो."

तो उठून सायकलची दांडी हातानं मापून आला. मग म्हणाला, "बदला. दिवाळीला मी येतो. माझ्यासमोर सायकलवर बसायचं आणि चौकापर्यंत जाऊन यायचं. जमलं तर माझं काही म्हणणं नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं बॅग भरायची."

"बरं," म्हणालो.

मी टॉवेलच्या कारखान्यात गेटवर बसतो. आधी तिथंच मागावर होतो. ऐकू कमी यायला लागलं, धागा दिसेना, तेव्हा मालकानं गेटवर खुर्ची दिली. कारखाना अक्कलकोट रोडला, आमच्या गल्लीपासून लांब. सायकल नसली तर ते काम सुटलं. काम सुटलं तर इथं राहून काय करायचं? पोराकडं एकदा राहून आलो आहे. वरचा मजला, लिफ्ट, सगळे दिवसभर बाहेर. खुर्चीत बसायचं आणि खिडकीतनं दुसऱ्याच्या खिडकीकडं बघायचं. गेटवर खुर्चीतच बसतो, पण टेम्पो आला की उठावं लागतं. मला तेवढं उठणं पाहिजे होतं. बाकी काही नाही.

माझी सायकल चोवीसची. म्हणजे फ्रेम चोवीस इंची, विलायती बनावटीची, काळी. मागावर लागलो तेव्हा माग दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या जॉबरकडनं घेतलेली. तेव्हा मी उंच होतो. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून आरामात उभा राहायचो.

मंगळवार बाजारात जुन्या सायकलींचा एक माणूस बसतो. पत्र्याच्या भिंतीला खिळे ठोकून त्यानं फ्रेमा टांगल्या आहेत, खाटकाकडं बोकड टांगतात तशा. फ्रेमला फ्रेम देतो. आपली चाकं, हँडल, सीट, कॅरियर काढून दुसऱ्या फ्रेमला बसवून देतो. नाही पटली तर पुढच्या मंगळवारी परत आणायची आणि दुसरी घ्यायची. सगळ्या बाजारात हा एकच असा, म्हणून लोक करमाळ्याहून, जेऊरहून सुद्धा येतात. मी त्याला भाई म्हणतो. तो मला चाचा म्हणतो, तो माझ्याएवढाच म्हातारा असून.

खुबा जरा बरा झाल्यावर सायकल हातानं ढकलत त्याच्याकडं गेलो. त्यानं माझी फ्रेम पान्यानं ठोकून बघितली. जुन्या फ्रेमची परीक्षा तशीच करतात. टण्ण वाजली तर नीट आहे, बद्द वाजली तर कुठंतरी मोडून जोडलेली आहे. माझी टण्ण वाजली.

"ये तो सोना है चाचा. कायकू बदलता?"

"पाय जात न्हाय."

त्यानं बावीसची काढली, माझी चाकं, हँडल, सीट तिला चढवली. सीट कमरेच्या हाडाला लावून बघितली. कोपर सीटच्या टोकाला टेकवून बोटं हँडलला लागतात का बघितली. लागली. "तुम्हारे नाप की हे," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. माझी काळी त्यानं खिळ्याला टांगली. मी तिच्याकडं परत बघितलं नाही. मुद्दाम नाही, सुचलंच नाही.

घरी आलो, सायकल ओट्याला लावली, टांग टाकली. टाच परत दांडीला लागली. या वेळी हँडल घट्ट धरलं होतं म्हणून पडलो नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. खुब्यात कळ यायची आणि गुडघा छातीकडं येईनासाच व्हायचा. बोटभरानं राहायचं.

पुढच्या मंगळवारी परत गेलो. "उंच हाय," म्हणालो.

"बावीस उंच? चाचा, तू हे केवढा. जरा अंग हला, तेल लगा घुटने को."

"तेल लावलं. उंच हाय."

सांगोल्याहून एक मधल्या मापाची यायची आहे म्हणाला. मी थांबलो. आठवडाभर कामावर रिक्षानं गेलो, नाहीतर टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून. टेम्पोवाला सारखा बोलायचा. "आप्पा, काकू गेल्यापास्नं तुमी लई गप झाला." मी आधी कधी बोलत होतो ते मला आठवेना, पण हां हां म्हणायचो. ती सांगोल्याची फ्रेम आली. भाईनं ठोकली तर बद्द वाजली. त्यानं स्वतःच शिवी घातली आणि बाजूला फेकली. मग विसाची घेतली.

विसाची फ्रेम म्हणजे शाळकरी पोराची. टांग कशीतरी घासून गेली. बसलो. पण पायडल मारताना गुडघे हँडलला लागायला लागले, म्हणून गुडघे बाहेर काढून मारायचे. चहाच्या टपरीवर बसलेली पोरं बघत होती. एक म्हणाला, "आप्पा, सर्कशीत लागला का?" दुसरा म्हणाला, "गप रं, पुडच्या आठवड्यात अस्वल येनार हाय." हसले. मलाही हसू यायला पाहिजे होतं. पुलाच्या चढावर दम संपला आणि उतरून ढकलत कामावर गेलो. संध्याकाळी दोन्ही गुडघे भरून आले.

ती सायकल घेऊन परत बाजारात गेलो तेव्हा भाई वैतागला होता.

"अब इससे छोटी तो पाळण्यात मिलती. लेडीज ले ना. दांडीच नही, पाय उचलनाच नक्को."

"बाईची सायकल न्हाय चालवायची मला."

"कायकू? कौन देख रहा है तेरेकू?"

"माझी बायको कधी बाईच्या सायकलवर बसली न्हाय. मी कशाला बसू?"

 सायकल घेऊन घरी आलो. पण दिवाळी जवळ आली होती. पोराचा फोन आला, "मग, मिळाली का?" मी म्हणालो, "बघतोय." फोन ठेवल्यावर ठरवलं, मंगळवारी जाऊन लेडीज घ्यायची. लोक हसतील तर हसू देत. गेटवर खुर्ची तर राहील.

सोमवारी कारखान्याला सुट्टी होती. सकाळी ती विसाची सायकल ओट्याला लावून परत बघत होतो, सीट वर, मागं सरकवून जमतंय का. शेजारची बाई तिच्या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. ती तेलुगू आहे, नवरा टेरी टॉवेलच्या मागावर. माझ्या बायकोला अत्ता म्हणायची, म्हणजे मामी, आणि मला मामा. दोघी शेजारीशेजारी बसून विड्या वळायच्या. मी दांडीवरून टांग न्यायला लागलो, टाच घासली, उतरलो. परत नेली. तिनं पान कातरायचं थांबवलं.

"मामा, येक इचारू?"

"इचार की."

"पाय फुडनं कशाला घेताव? लोक मागनं टाकतेत की. मागं कोन बसलंय?"

मी मागं बघितलं. खरंच बघितलं. कॅरियर रिकामं होतं.

ते सांगतो. माझ्या बायकोला वळलेल्या विड्या द्यायला विडीच्या कारखान्यात जावं लागायचं. मी कामावर जाताना तिला वाटेत सोडायचो. विड्यांची पाटी मांडीवर घेऊन तिला चालत्या सायकलवर उडी मारता यायची नाही. म्हणून सायकल ओट्याला लावायची, ती ओट्यावरनं कॅरियरवर बसायची, पाटी नीट धरायची, लुगडं आवरायची, आणि म्हणायची, "हां, हाका तुमची बैलगाडी." मग मी टांग टाकायची. मागं ती आणि पाटी असल्यावर मागनं टांग टाकता येत नाही. टाकली तर लाथ बसेल. म्हणून पुढनं, गुडघा छातीला लावून दांडीवरनं पाय पलीकडं घ्यायचा. लग्न झाल्यापासून तसंच. परत येताना एकटा असलो तरी तसंच. अंगाला दुसरी रीत माहीतच राहिली नाही. ती गेल्यावरही मी सायकल ओट्याला लावतच होतो आणि पाय पुढनंच घेत होतो, आणि फ्रेम उंच आहे म्हणून बाजार पालथा घालत होतो.

शेजारणीनं जीभ चावली. "मामा, मी तसं न्हाय म्हनले हो. तोंडातनं गेलं."

"बरोबर हाय तुजं," मी म्हणालो. "कोण न्हाय."

सायकल ओट्यापासनं लांब घेतली. जराशी माझ्याकडं कलती केली. पाय मागनं टाकला, कॅरियरवरनं. पाय सरळच जातो, गुडघा छातीशी न्यावा लागत नाही. खुब्याला काही झालं नाही. सीटवर बसलो होतो. एवढंच होतं ते. शेजारीण खाली मान घालून विडी वळायला लागली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

मंगळवारी भाईकडं गेलो. "चोवीसची दे माझी," म्हणालो.

"चाचा, वो तो गई. पुणे के लडके आये थे. हॉटेल में दीवार पे टांगते."

"चालवत न्हाईत?"

"नक्को रे. लटकाते. उसके नीचे बैठके काफी पीते."

"बरं," म्हणालो. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. तिच्यावर बायको सगळं आयुष्य बसली. पण फ्रेम लोखंडाची असते, आणि भाईनं कुणाला फसवलं नव्हतं. अदलाबदल म्हणजे अदलाबदल. पहिली घेतलेली बावीसची अजून खिळ्याला होती. ती परत घेतली. भाई म्हणाला, "मैंने पहिलेच बोला था ना, तुम्हारे नाप की हे." "व्हय," म्हणालो. "तू बोलला होता." पान खाऊ घातलं त्याला. त्याच्या तोंडात दात नव्हते, त्यानं कुटून खाल्लं.

पोरगा दिवाळीच्या आदल्या दिवशी आला. चहा झाल्याबरोबर म्हणाला, "दाखवा." मी सायकल रस्त्याच्या मधोमध घेतली, टांग मागनं टाकली आणि चौकापर्यंत गेलो. तिथं भाजीवाल्याला वळसा घातला, परत आलो, ब्रेक मारला, दोन्ही पाय टेकवून उतरलो. तो ओट्यावर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला मी पडायला नको होतो, आणि जमायलाही नको होतं.

"बरं," तो म्हणाला. आमच्या घरात सगळे बरंच म्हणतात. "राहा मग. पण रोज फोन करायचा."

"करीन."

सण झाला. म्हणजे त्यानं फराळाचे डबे आणले होते ते खाल्ले. शेजारणीनं दारात पणती ठेवली, आमच्याही. जायच्या दिवशी सकाळी त्याची बॅग भरून झाली. मी कामावर निघालो होतो. तो म्हणाला, "आप्पा, मला स्टँडपर्यंत सोडा की. लहानपणी सोडायचा तसं. मी मागं बसतो." चेष्टाच करत होता. त्याचं वजन माझ्या दीडपट आहे. पण डोळ्यात चेष्टा नव्हती.

"न्हाय जमायचं," म्हणालो.

"का? आता तर येतंय की."

"मागं कोण बसलं तर मला पाय टाकता येत न्हाय."

त्यानं कॅरियरकडं बघितलं. त्याला कळलं की नाही, मी विचारलं नाही. मग त्यानं रिक्षा बोलावली, वाकून नमस्कार केला आणि बसला. रिक्षा वळेपर्यंत थांबलो. मग टांग टाकली आणि कामावर गेलो. गेटवर टेम्पो येऊन उभा होता, हॉर्न मारत होता.