साहेबावरचे दगड

अमेरिकेला निघताना शेजारच्या वहिनींनी मला बाजूला घेऊन बजावलं, "सुलभाताई, तिकडे जपून राहा हं. गोड बोलून बाटवतात." मी छप्पन्न वर्षांची, नगरच्या शाळेतून मुदतीआधीच निवृत्त झालेली इतिहासाची शिक्षिका. मला बाटवून कोणाच्या पदरात काय पडणार होतं, देव जाणे. पण ऐंशीचं दशक अर्धं सरलं तरी आमच्या आळीत ही धास्ती ताजी होती, म्हणून नोंदवून ठेवते.

माझा धाकटा भाऊ अविनाश ॲन आर्बरला डॉक्टर आहे. विद्यापीठाचं गाव. ऑक्टोबरातच दात वाजायला लागतात आणि त्या थंडीत अर्ध्या चड्डीतले विद्वान सायकली हाणत असतात. पहिले आठ दिवस मला दुकानं दाखवण्यात आली. नवव्या दिवशी अविनाश म्हणाला, "ताई, संडेला फ्री राहा. माझी एक पेशंट आहे, मिस मार्था. मिशनऱ्याची नात, जन्म नगर जिल्ह्यातला. तिच्या चर्चमध्ये तुझं छोटंसं भाषण ॲरेंज केलंय."

"मला न विचारता?"

"आता कॅन्सल केलं तर तिला वाईट वाटेल गं. चौऱ्याऐंशीची आहे ती."

अशा रीतीने मी स्वतःच्या पायांनी चर्चमध्ये गेले. वहिनींना हे कळवलं नाही.

दोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, लाल कोठारं, पेटल्यासारखी पिवळीतांबडी झाडं. नकाशा आपल्याला वाचता येतो असा अविनाशचा समज असल्यामुळे आम्ही आधी एका डुकरांच्या गोठ्यावर पोचलो. मालकाने वाट सांगितली आणि वर एक भोपळाही दिला. तो मांडीवर घेऊन मी ख्रिस्ताच्या दारी उतरले.

दारात काठी टेकून मिस मार्था उभ्या होत्या. "कवा निघालाव गं? लई उशीर केला!" नगरच्या बाजारात ऐकू येतं तसं खणखणीत मराठी. अविनाशची मुलं जन्मात असं बोलणार नाहीत.

तळघरातल्या हॉलमध्ये पॉटलक (घरटी एकेक पदार्थ आणून केलेली पंगत) होतं. लाल जेलीत गाजराचा कीस गोठवतात आणि त्याला सॅलड म्हणतात. मी शाकाहारी म्हणून मला आग्रहाने घेवडा वाढला. त्यात डुकराचे तुकडे निघाले. "ते नुसते स्वादापुरते आहेत," वाढणाऱ्या बाईंनी धीर दिला.

समोरच्या भिंतीवर भलंमोठं तैलचित्र होतं. मधोमध हातात पुस्तक घेतलेला गोरा तरुण, चेहऱ्यावर उजेड. भोवती दगड उगारलेले काळेसावळे लोक. एकाच्या हातात तलवार, एकाच्या गळ्यात साप. मागे नारळाची झाडं. नगर जिल्ह्यात, जिथे बाभूळसुद्धा विचार करून उगवते! खाली पितळी पाटी होती: 'अंधारातला एकटा वीर.' वीर म्हणजे मार्थाबाईंचे आजोबा.

तरुण पाद्री हात चोळत आले. "ते लोक आता किती बदलले आहेत, यावर दोन शब्द बोला." ते लोक म्हणजे मी.

जेवण होताच मार्थाबाईंनी मला कोपऱ्यात नेलं आणि पिशवीतून एक जुनी वही काढली. "माझ्या आज्याची. वाच."

इंग्रजी, तिरपं अक्षर. जत्रेच्या दिवशी हे मिशनरी साहेब देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि तुमचा देव म्हणजे धोंडा आहे, असं त्यांनी जत्रेकऱ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी शेण फेकलं. 'त्यांच्या जागी मी असतो तर मीही फेकलं असतं,' असं त्यांनीच रात्री लिहून ठेवलं होतं. माणूस मला आवडायला लागला. पुढच्या पानावर रखमा आली. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिने साहेबांना तोंड धुवायला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी गावाने त्या वस्तीचं पाणी बंद केलं. रखमा तरीही झऱ्यावर गेली, तेव्हा दगड आले. तिचा एक डोळा गेला. हुकूम गावच्या कुलकर्ण्यांचा होता. त्यांचं नाव दिलं होतं, बापाच्या नावासकट.

ते नाव मी दोनदा वाचलं. ते माझे पणजोबा. धर्मासाठी साहेबाला पिटाळून लावणारा पुरुष, असं आमच्या घरात त्यांचं नाव घेतात.

"तुझ्या भावाला गाव इचारलं, तवाच वळखलं मी," मार्थाबाई म्हणाल्या. "त्या चित्राखाली रखमाचं नाव लिवा, म्हणून तीनदा सांगितलं हितल्या लोकांना. छान कल्पना म्हणत्यात आन् कॉफी पाजत्यात. तू सांग. तू पाव्हणी हाईस."

मी साड्यांवर आणि दिवाळीवर बोलणार होते. तसं भाषण पाठही केलं होतं. मी उभी राहिले. खाली मान घालून साड्या उलगडणं सहज शक्य होतं. पण मार्थाबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"हे चित्र चुकलंय," मी माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले. "साहेबांना शेण लागलं. दगड एका बाईला लागले. तिचं नाव रखमा. आणि ते मारायला लावणारा माझा पणजोबा होता."

अविनाश भोपळ्याकडे पाहत होता. पाद्री हसून म्हणाले, "व्हेरी इंटरेस्टिंग." या देशात हे 'पुरे आता'ला म्हणतात.

तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. मार्थाबाई उठल्या आणि सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत सांगू लागल्या. "दोन पोरं घेऊन ती चालत नगरला आली. आजोबांनी तिला दवाखान्यात कामाला लावलं. बाप्तिस्मा घे म्हणून दहा वर्षं तिच्या मागे लागले. ती म्हणाली, एका देवापायी एक डोळा गेला. दुसऱ्यापायी दुसरा घालवू का?"

कोणीतरी फस्सकन हसलं. तो शेतकरी पेन्सिल घेऊन माझ्याकडे आला, रखमाचं स्पेलिंग विचारलं आणि कागदावर नाव लिहून चित्राखाली चिकटवलं. पाद्री म्हणाले, कमिटी विचार करील. मार्थाबाई मला म्हणाल्या, "करू दे इचार. डिंक चांगला हाय."

परतताना अविनाशने दोनदा वाट चुकवली. मग म्हणाला, "ताई, मला यांच्यातच प्रॅक्टिस करायची आहे, यार."

डिसेंबरात घरी आले. भाऊबंदांच्या जेवणात ही हकीकत सांगितली. पणजोबांची गोष्ट सांगाल तेव्हा रखमाचीही सांगा, एवढंच माझं मागणं होतं. थोरले काका म्हणाले, "खरं असेलही. पण परदेशात जाऊन सांगायची काय गरज होती?" मग सगळ्यांनी मला नायगारा कसा दिसतो ते विचारलं. साहेबांना निदान समोरून विरोध झाला होता.

शेवटी एसटीने एकटीच आमच्या त्या मूळ गावी गेले. गावाचं नाव लिहीत नाही. भाऊबंद तिथे आहेत आणि पेपर वाचतात. गावाबाहेरच्या वस्तीत एक म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. तिला मी सगळं सांगितलं: साहेब, पाणी, झरा, रखमाचा डोळा, माझे पणजोबा.

म्हातारीने शेंगा सुपात टाकल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"आमाला ठाव हाय की बाई. माझी सासू रोज सांगायची. तुमाला कळाया अमेरिका गाठावी लागली व्हय?"