माय, पत्रा आणि सरांचा खांब

इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन किती होतं ते विचारू नका, किस्से मात्र लई होतात. आमच्या नांदेडच्या कॉलेजात तर लॅबचं दार उघडायची खोटी, एक नवीन किस्सा अंगावर येतोच!

*

सगळ्याचं मूळ आमचे कांबळे सर. माणूस औशाकडचा, पीएचडीचा विषय भूकंपात टिकणारे खांब. सर लहान असताना भूकंपात त्यांचं दगडी घर बसलं. आता त्यांनी गावात स्लॅबचं पक्कं घर बांधलंय, पण माय अजून अंगणात पत्र्याखालीच झोपते. "मला डोक्यावर दगड न्हाई पायजे की सिमिट न्हाई पायजे," म्हणते.

सर आम्हाला सरळ सांगायचे, "युनिव्हर्सिटीनं पास केलं न्हाई तरी चालंल, मायनं केलं पाहिजे!"

*

शेजारच्या लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या सादिया मॅडम कमी वीज खाणारं मेमरी सर्किट बनवून राहिल्या. सरांच्या खांबाची रीडिंगं साठवायला तेच लावायचं ठरलं. पाहुण्यांसमोर डेमो सुरू झाला अन् लाइट गेली. बॅटरी लावायची कुणाला आठवणच नव्हती.

प्रिन्सिपल म्हणाले, "मॅडम, तुमचं सर्किट तर कमी विजेवर चालतं ना?"

"कमी जेवतं म्हणाले होते, सर. रोजा धरतं असं कुठं म्हणाले?"

*

खंडेनवमीला तर कहर! त्या दिवशी आमच्याकडं सगळ्या मशिनींची पूजा होते. लॅब असिस्टंट शिंदेमामांनी भक्तीच्या भरात नारळ थेट टेस्टच्या खांबावरच फोडला. सेन्सरच्या वायरी नारळपाण्यात चिंब. कांबळे सर डोक्याला हात लावून खालीच बसले.

मामा खांब न्याहाळत म्हणाले, "टवका बी उडाला न्हाई, सर. पास लिहून टाका!"

सरांनी मुकाट्यानं नवे सेन्सर चिकटवले. खोबरं मात्र त्यांनीही खाल्लं.

*

शेवटच्या टेस्टला सर मायला घेऊन आले. माय पदर सावरून खुर्चीत बसली. जॅक सुरू झाला, खांबाला इकडून तिकडं ढकलू लागला. सिमेंटचे ढलपे उडाले, आतल्या सळया दिसल्या. सरांच्या हिशोबाप्रमाणंच सगळं होत होतं, म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या.

माय भडकली, "माझ्या लेकराची वस्तू फुटून राहिली अन् तुमी टाळ्या वाजवता? लाज हाय का न्हाई?"

जॅक थांबला. खांब तडकला होता, वाकला होता, पण उभा होता. सर मायजवळ आले. "बघ माय, फुटला पण पडला न्हाई. आपल्या घराचे खांब बी असेच बांधलेत. आता तरी आत झोपशील?"

माय उठली. खांबाभोवती फिरली, तड्यांवरून हात फिरवला.

"घरचे खांब नवे हायत. त्यांनी कुठं काय बघितलंय?" ती म्हणाली. "ह्यानं समदं बघितलं अन् उभा ऱ्हायला. ह्यालाच घरात ने. ह्याच्या बाजूला झोपते मी."

सर बाहीनं डोळे पुसत ओरडले, "मामा, टेम्पो बोलवा!"