अण्णांच्या जहाजाची दोन पानं

अमेरिकेतल्या डब्लिन गावात आम्ही घर घेतलं त्या वर्षी अण्णा, माझे वडील, पहिल्यांदा इकडे आले. गावच्या लायब्ररीत दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांचं प्रदर्शन भरणार होतं. जुन्या नौसैनिकांनी आपल्या जहाजाचा फोटो आणि दोन पानांत त्याची हकिकत आणून द्यायची होती. नोटीस मी सहज वाचून दाखवली, तर अण्णा लिहायलाच बसले.

अण्णा रत्नागिरीकडचे. इंग्रजांच्या काळात नेव्हीत भरती झाले आणि एका एस्कॉर्ट जहाजाच्या बॉयलरवर लागले. मालवाहू जहाजांचा ताफा पाणबुड्यांपासून सांभाळून न्यायचा, हे त्या जहाजाचं काम. मुंबई ते एडन, आखातातले तेलाचे टँकर, मग कोलंबो. एकदा बुडालेल्या टँकरवरची माणसं त्यांनी तेलकट पाण्यातून वर ओढली होती. युद्ध संपलं आणि जहाज भंगारात गेलं. अण्णांनी हे मराठीत लिहिलं, मी इंग्रजीत टाइप केलं.

फोटो आणि पानं घेऊन आम्ही लायब्ररीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी फोटो पाहिला आणि गोड हसून म्हणाल्या, "हे आपल्या इथल्या, अमेरिकन नौसैनिकांसाठी आहे हो."

मागे आमच्याच गल्लीतले शेजारी उभे. मी कुजबुजले, "अण्णा, जाऊ दे. उगाच सीन नको."

"का जाऊ दे?" ते मराठीतच, खणखणीत आवाजात म्हणाले. "टॉर्पेडो काय माणसाचा देश विचारून यायचा?" मग बाईंकडे वळून, "टँकर अमेरिकन. वुई गार्ड. यू रीड. देन से नो." आणि समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसले.

बाईंनी वाचलं. मग म्हणाल्या, पलीकडे शाळेच्या मुलांची चित्रं लावणार आहोत, त्यांच्यापाशी लावता येईल.

"नो. विथ शिप्स."

आता मात्र माझीच लाज मला वाटली. मी इंग्रजीत म्हटलं, "जहाजांच्या रांगेतच लावा. नाहीतर नकार लेखी द्या."

त्यांनी पानं ठेवून घेतली.

उद्घाटनाला अण्णांचं जहाज रांगेत होतं, शेवटून तिसरं. टँकरवर काम केलेला एक म्हातारा अमेरिकन दोन्ही पानं उभ्याने वाचून आमच्याकडे आला. बॉयलरपाशी किती उकडायचं, त्याने विचारलं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर अण्णांनी मला हातानेच थांबवलं.

"व्हेरी हॉट," ते म्हणाले. "सिट. आय टेल."